आधी तार, मग पत्ता, मग वाट

मुंबईत, चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही वर्कशॉपच्या गाळ्यात शिरलं की आधी कूलंटचा वास येतो, मग मशीनचा आवाज, आणि कॉम्प्युटर दिसतो तो सगळ्यात शेवटी. जॉब कापणाऱ्या मशीनला मोक्याची जागा, ड्रॉइंगच्या टेबलाला उजेड आणि कॉम्प्युटरला उरलेला कोपरा, अशी तिथली वाटणी असते. त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून मी अनेकदा काम केलं आहे. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसचा पत्ता नाही. गाळ्यातले कारागीर येता-जाता डोकावतात आणि विचारतात, ‘‘मॅडम, विंडोज गेलं का?’’

यावेळी गाळ्यात दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी कापकामाची मशीन होती. त्यांना लागणारे प्रोग्रॅम आजवर पेनड्राइव्हने जायचे, आणि पेनड्राइव्हबरोबर कधी व्हायरसही जायचे. अशा मशीनच्या कंट्रोलरमधली यंत्रणा पुष्कळदा जुनी असते, तिला सुरक्षेचे नवे अपडेट मिळत नाहीत. म्हणून ती मशीन इंटरनेटपासून लांबच ठेवायची होती. ठरलं ते असं: एक जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यावर डेबियन लिनक्स टाकायचं, त्यात दोन नेटवर्क कार्डं बसवायची. एक कार्ड ऑफिसच्या राउटरकडे, दुसरं मशीनच्या स्विचकडे. ऑफिसने फाइल मधल्या डेस्कटॉपवर ठेवायची, मशीनने ती तिथून उचलायची. दोन्ही बाजूंनी डेस्कटॉपशी बोलावं, एकमेकींशी अजिबात नाही.

या कामात मला सगळ्यात आवडते ती त्याची शिस्त. खालून वर जायचं. तार जिवंत आहे का, हे कळल्याशिवाय पत्त्याचा विचार करायचा नाही. पत्ता बसल्याशिवाय वाटेचा नाही. मोबाइलवर नेट चाललं नाही की आपण बंद-चालू करून बघतो, आणि चाललं तरी का चाललं ते कळत नाही. इथे प्रत्येक पायरीला मशीनला एकच प्रश्न विचारता येतो आणि ते एकच नेमकं उत्तर देतं.

पहिला प्रश्न ‘आयपी लिंक’. या डेस्कटॉपमध्ये कुठली कार्डं आहेत, एवढंच तो विचारतो. यादीत पहिलं नाव नेहमी ‘लो’, म्हणजे मशीनचं स्वतःशी बोलण्याचं दार. त्याखाली ‘ईएनपी२एस०’ आणि ‘ईएनपी३एस०’. पूर्वी ही नावं ‘ईथ०’, ‘ईथ१’ अशी सुटसुटीत असायची. पण ज्या क्रमाने कार्डं सापडतील त्या क्रमाने ती मिळायची, आणि एखाद्या रीबूटनंतर शून्याचं एक व्हायचं. २०१३पासून लिनक्सच्या सिस्टमडी या व्यवस्थेने कार्डाच्या बसण्याच्या जागेवरून नाव द्यायची पद्धत आणली: दोन नंबरची पीसीआय बस, शून्य नंबरचा स्लॉट. तोंडात बसायला अवघड नाव, पण कार्ड त्याच स्लॉटमध्ये आहे तोवर सहसा तेच राहतं.

नाव कळलं तरी मागच्या दोन भोकांपैकी कुठलं कोणाचं हे कळत नाही. त्यासाठी मी ‘आयपी मॉनिटर लिंक’ लावून ठेवते. गाळ्याचं ऑफिस सांभाळणारा मुलगा टेबलाखाली शिरला.

‘‘ताई, कुठली काढू?’’

‘‘वरची काढ. थांब... हां, आता परत लाव.’’

तार निघताच स्क्रीनवर एक ओळ उमटली: ईएनपी३एस०, नो-कॅरिअर. पुन्हा लावल्यावर दुसरी: लोअर-अप. म्हणजे वरचं भोक तीन नंबरचं. मुलगा बाहेर येऊन त्या दोन ओळी वाचत उभा राहिला. त्याला मी एक फरक दाखवला. कंसात ‘अप’ आहे ते आपण सांगितलं म्हणून: हे कार्ड चालू ठेव. ‘लोअर-अप’ आहे ते तारेच्या पलीकडून कोणीतरी ‘ओ’ दिली म्हणून. आपण चालू केलेलं असूनही पलीकडे कोणी नाही, असं बऱ्याचदा होतं, आणि निम्मे घोटाळे या एका ठिकाणी उलगडतात.

मशीनकडच्या कार्डाचा वेग बघायला ‘इथटूल’ चालवलं तर उत्तर आलं १०० मेगाबिट. कार्ड १०००चं, स्विच १०००चा. मग १०० का? ईथरनेटच्या तारेत आठ वायरी असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १००च्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. १०००ला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी वायर नीट बसलेली नसली तर बरीचशी कार्डं मुकाट्याने १००वर उतरतात. नेट चालू राहतं, कोणाला शंका येत नाही. आम्ही स्विचकडचं टोक कापलं, नवा जॅक घेतला, वायरी सरळ करून लावल्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिंपिंग टूलचा कट्ट आवाज आला. पुन्हा इथटूल: १०००. हाताने केलेल्या कामाचं इतक्या स्वच्छ शब्दांत उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं.

आता पत्ता. चारकोपच्या माणसाला आयपी पत्ता समजवायला मला कधी वेळ लागत नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली मंजूर झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे आधी रस्ते, पाणी, गटारं केली, छोटे प्लॉट आखले आणि लोकांना दिले. घरं लोकांनी नंतर आपापल्या ऐपतीने बांधली. म्हणून इथला पत्ता अजूनही आकड्यांचा आहे: प्लॉट नंबर, आरएससी रोडचा नंबर, सेक्टर. रोडचा आकडा सारखा असला की माणूस आपल्याच गल्लीतला, हाक मारली तरी पोचते. वेगळा असला की नाक्यावर जाऊन पुढची वाट धरायची. १९२.१६८.५०.१ या पत्त्यातही तेच. पुढे लिहिलेलं ‘/२४’ सांगतं की पहिले तीन आकडे गल्लीचे आणि शेवटचा प्लॉटचा. अशा गल्लीत २५४ पत्ते वापरता येतात. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात. म्हणूनच शेजारच्या गाळ्यातही हेच आकडे असू शकतात आणि कोणाचं काही बिघडत नाही.

‘आयपी ॲडर ॲड’, पुढे पत्ता, पुढे ‘डेव्ह’ आणि कार्डाचं नाव. एंटर मारल्यावर स्क्रीन काहीच बोलत नाही; युनिक्समध्ये काम झालं की गप्प राहण्याची रीत आहे. इथे त्या ‘/२४’ला फार किंमत आहे. तो लिहिला नाही तरी कमांड तक्रार करत नाही, ती ‘/३२’ धरते. म्हणजे या गल्लीत एकच प्लॉट, तो आपला. पत्ता दिसतो, तार जिवंत असते, आणि दोन हातांवरचं मशीन सापडत नाही.

जुनी कमांड असं करायची नाही. आयएफकॉन्फिग १९८३च्या ४.२बीएसडीबरोबर बर्कलीतून आलं, आणि आकडा दिला नाही तर पत्त्याच्या वर्गावरून अंदाज बांधायचं. त्याच वर्षी डिसेंबरात माइक म्यूस यांनी पिंग लिहिलं, पलीकडे कोणी आहे का हे हाक मारून बघणारी कमांड. आपल्याकडे तेव्हा नेटवर्क असं जवळजवळ नव्हतंच. १९८६-८७च्या सुमारास जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात ईमेलचं टपाल जायचं ते फोनच्या लाइनवरून, एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला फोन लावून. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून. फ्रीबीएसडीवर आणि ॲपलच्या मॅकवर आयएफकॉन्फिग आजही नांदतं आहे. लिनक्सवर मात्र अलेक्सेई कुझनेत्सोव्ह यांनी लिहिलेल्या ‘आयपी’ने त्याची जागा घेतली, आणि २०१७च्या डेबियन ९पासून ते नव्या मशीनवर आपोआप येतही नाही. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं अजून आयएफकॉन्फिगच पाठ करून येतात. त्यांना मी आग्रहाने ‘आयपी’ शिकवते. लिनक्समध्ये एका कार्डाला दोन-तीन पत्ते असू शकतात आणि ‘आयपी’ने जोडलेला दुसरा पत्ता जुनी कमांड पुष्कळदा दाखवतच नाही. जे साधन अर्धं दाखवतं त्याच्यावर शोध घेणाऱ्याने विसंबू नये.

दोन्ही मशीनच्या कंट्रोलरना ऑपरेटरने त्यांच्या पॅनेलवरून ५०.११ आणि ५०.१२ हे पत्ते दिले. पिंग केलं, पहिल्याचं उत्तर आलं, दुसऱ्याचं नाही. ‘आयपी नेबर’ विचारलं. या यादीत शेजाऱ्यांचे पत्ते आणि त्यांच्या कार्डांचे कायमचे क्रमांक समोरासमोर असतात. पहिल्यापुढे ‘रीचेबल’, दुसऱ्यापुढे ‘फेल्ड’. फेल्ड म्हणजे गल्लीत हाक मारली आणि कोणीच उत्तर दिलं नाही. पुढच्या वाटेत दोष शोधायचं कारण नाही. मुलगा स्वतःच मशीनपाशी गेला आणि तिथून ओरडला, ‘‘ताई, सेव्ह केल्यावर मशीन बंद-चालू करायचं राहिलंय!’’ ते केल्यावर दोन्ही ओळी रीचेबल झाल्या.

शेवटी वाट. ‘आयपी राउट’मध्ये डीफॉल्टची, म्हणजे गल्लीबाहेर जायच्या वाटेची ओळ एकच हवी, ऑफिसच्या राउटरकडे जाणारी. मशीनकडच्या कार्डाला गेटवे, म्हणजे बाहेर पडायचा नाका, द्यायचाच नाही. दोन कार्डं म्हणून दोन्हीकडे गेटवे भरणारे पुष्कळ भेटतात, आणि मग नेट कधी चालतं, कधी नाही. शिवाय एका कार्डावरून आलेलं पॅकेट दुसऱ्यावर ढकलण्याची मुभा लिनक्समध्ये मुळात बंद असते. ती बंदच आहे ना, हे त्या मुभेची नोंद असलेल्या फाइलमध्ये बघितलं: शून्य. मशीनचं रक्षण त्या शून्यावर होतं, म्हणून मुलालाही ते वाचायला लावलं.

इथवर जे केलं ते सगळं फक्त कर्नलच्या स्मरणात होतं. वीज गेली की गेलं. टिकवायचं तर ‘इंटरफेसेस’ या फाइलमध्ये लिहावं लागतं: कार्डाचं नाव, स्टॅटिक, पत्ता. दोन ठिकाणी दोन गोष्टी असणं नवख्यांना जाच वाटतं. मला तो मोठा आधार वाटतो. घरून, दूरवरून अशा डेस्कटॉपच्या कार्डाचा पत्ता बदलताना ज्या तारेवरून आपण आत शिरलो तीच तुटू शकते. तेव्हा मी आधी काही मिनिटांनी रीबूट होण्याची सूचना देऊन ठेवते आणि मग नुसत्या कमांडने बदल करते, फाइलला हात लावत नाही. सगळं ठीक झालं तर रीबूट रद्द करून फाइल लिहायची. मी बाहेर फेकली गेले तर डेस्कटॉप स्वतःच उठून जुन्या पत्त्यावर येतो. उबंटूच्या नेटप्लॅनमध्ये हीच सोय ‘ट्राय’ म्हणून तयार मिळते. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर ते मागे फिरतं.

गाळ्यात तर मी समोरच होते. फाइल लिहिली आणि डेस्कटॉपचं बटण सरळ बंद केलं, कारण भारनियमनात किंवा पावसात हेच होणार. तो पुन्हा उठला, दोन्ही कार्डं आपापल्या पत्त्यांवर आली, ऑपरेटरने पॅनेलवर फोल्डर उघडून प्रोग्रॅम उचलला. मुलाने वहीचं पान फाडून पत्ते लिहिले आणि स्विचच्या वर चिकटवले: १ डेस्कटॉप, ११ आणि १२ मशीन. तेराच्या पुढे त्याने रिकाम्या ओळी आखून ठेवल्या. शेठ दिवाळीनंतर तिसरं मशीन घेणार आहेत, आणि त्याचा पत्ता तो स्वतः बसवणार आहे.