संक्रमणशील अर्थव्यवस्थांतील लघुउद्योग

केंद्रीय नियोजनाकडून बाजारपेठेवर आधारलेल्या व्यवस्थेकडे वळणाऱ्या अर्थव्यवस्थेस ‘संक्रमणशील अर्थव्यवस्था’ असे म्हणतात. १९८९ नंतरचे पूर्व यूरोपीय देश व १९९१ मध्ये विघटन पावलेल्या सोव्हिएट संघातील प्रजासत्ताके या वर्गात मोडतात. चीन व व्हिएटनाम यांनी हे संक्रमण साम्यवादी पक्षाच्या राजवटीतच घडवून आणले. सरकारी कारखाने बंद पडू लागले असता तेथील कामगारांना रोजगार कोठून मिळणार, हा पूर्व यूरोपापुढील बिकट प्रश्न होता. जेथे नवे लघुउद्योग झपाट्याने वाढले, तेथे तो बराचसा सुसह्य झाला.

पोलंड हे याचे ठळक उदाहरण होय. उद्योगमंत्री मियेचिस्वाफ व्हिल्चेक यांच्या नावाने ओळखला जाणारा व्यवसायविषयक कायदा डिसेंबर १९८८ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९८९ पासून अंमलात आला. त्यान्वये बहुतेक व्यवसायांस केवळ नोंदणी पुरेशी ठरली. परवान्याची अट मोजक्या क्षेत्रांपुरती उरली. १९९० च्या आरंभी अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांच्या कार्यक्रमानुसार बहुतेक किंमती नियंत्रणमुक्त झाल्या. परिणामी कोणत्या मालाला मागणी आहे, हे लहान उत्पादकासही किंमतींवरून कळू लागले.

भांडवलाचा अभाव हाच लघुउद्योगांच्या वाढीतील मुख्य अडथळा, असा सर्वसाधारण समज आहे. सायमन जॉन्सन, जॉन मॅकमिलन व क्रिस्टोफर वुड्रफ यांनी पोलंड, स्लोव्हाकिया, रूमानिया, रशिया व युक्रेन येथील नव्या उद्योगसंस्थांची पाहणी करून २००२ मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला. मालमत्तेच्या सुरक्षिततेची शाश्वती नसेल, तर कर्ज उपलब्ध असूनही उद्योजक आपला नफा उद्योगात पुन्हा गुंतविण्यास कचरतो. रशिया व युक्रेनमध्ये लाच व संरक्षणाच्या नावाखाली उकळली जाणारी खंडणी यांचे प्रमाण पोलंडपेक्षा पुष्कळच अधिक आढळले. प्रारंभीच्या काळात नफा हाच भांडवलाचा प्रमुख स्रोत असल्याने या भीतीने वाढ मुळाशीच खुंटते. बँकांच्या कर्जाची निकड प्रायः पुढील टप्प्यावर भासते.

न्यायालये दुबळी असतानाही व्यवहार थांबत नाहीत. व्हिएटनाममधील खाजगी उत्पादक ग्राहकाची चौकशी करून व जुन्या संबंधांच्या भरवशावर उधारीने माल देत. तथापि परिचयाचे वर्तुळ मर्यादित असल्याने उद्योग विस्तारण्यास कायद्याचा आधार आवश्यक ठरतो. तेथे २००० पासून लागू झालेल्या उद्योगसंस्था कायद्याने नोंदणी सुलभ केली व नव्या नोंदण्यांत मोठी वाढ झाली.

मुक्त प्रवेश, सुरक्षित नफा व विश्वासार्ह न्यायव्यवस्था या तीन गोष्टी अशा रीतीने परस्परपूरक आहेत. मात्र त्या एकदा लाभल्या म्हणजे कायम टिकतात, असे नव्हे. खुद्द पोलंडमध्येही व्हिल्चेक कायद्यातील पुढील दुरुस्त्यांनी परवान्यांची व्याप्ती पुन्हा वाढविली.