पुढच्या भागाची वाट: कथाकाराच्या संकेतस्थळाची नवी मांडणी

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा मराठी वाचक तेव्हापासूनचा आहे. आज नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्याच्या गावी बसून लिहिणाऱ्याला असा वाचक मिळवायला छापखाना लागत नाही. मोबाइलवर लिहायचं, स्वतःच्या संकेतस्थळावर भाग टाकायचा आणि दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायचा, एवढं पुरतं.

अडचण चार-पाच वर्षांनी सुरू होते. भाग साठत जातात. नवा वाचक थेट सतराव्या भागावर येऊन पडतो आणि पहिला कुठे आहे ते त्याला कळत नाही. अभिप्राय तर फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि बाजारात भेटलेल्यांच्या बोलण्यात विखुरलेले असतात. अशा वेळी संकेतस्थळ नव्यानं कसं मांडायचं आणि वाचकांचं म्हणणं कसं हाताळायचं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू.

सोयीसाठी एक उदाहरण धरू. उमरीचा एक लेखक निजामाच्या राजवटीविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामावर क्रमशः कादंबरी लिहितो आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीच्या हैदराबाद स्टेट बँकेवर छापा घातला, तो प्रसंग कादंबरीच्या मध्यावर येतो.

आधी मोजदाद

रंग आणि सजावट नंतर. पहिलं काम म्हणजे एक तक्ता: भागाचा क्रमांक, शीर्षक, प्रकाशनाची तारीख, सध्याचा पत्ता आणि मूळ मजकूर कुठे ठेवला आहे ते. मग सगळ्या मजकुराच्या दोन प्रती काढाव्यात, एक पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. हे सगळं हाती असल्याशिवाय जुन्या पानांना हात लावू नये.

पूर्वीचं लेखन श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात असेल, तर ते युनिकोडमध्ये आणावं लागतं. त्या फॉन्टांत मजकूर साठतो रोमन अक्षरांच्या संकेतांनी, फॉन्ट फक्त त्यावर देवनागरी आकार चढवतो. वाचकाच्या फोनवर तो फॉन्ट नसला की नुसती अगम्य चिन्हं दिसतात. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यानंतर प्रत्येक भाग डोळ्यांखालून घालावाच लागतो. रफार सरकतो, ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं आणि ‘ॲ’, ‘ऑ’ तुटतात.

जुने पत्ते जपा

नव्या मांडणीत सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. कुणीतरी तीन वर्षांपूर्वी एखाद्या भागाचा दुवा आपल्या गटात पाठवलेला असतो. नवं संकेतस्थळ सुरू झालं, पत्ते बदलले आणि तो दुवा मेला, तर तो वाचक गेला. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहावा आणि जुन्यावर येणाऱ्याला आपोआप नव्यावर नेण्याची सोय करावी. तांत्रिक भाषेत हा ३०१ क्रमांकाचा निरोप. पान कायमचं हलवलं आहे, असं सर्व्हर ब्राउजरला आणि गूगललाही सांगतो.

नवे पत्ते रोमन लिपीत आणि छोटे ठेवावेत. देवनागरी पत्ता दिसायला देखणा असतो, पण युनिकोडमध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण किंवा मात्रा तीन बाइटची. दुवा कॉपी करताना प्रत्येक बाइटचा तीन अक्षरी तुकडा होतो. ‘उमरी’ या शब्दात उ, म, र आणि दीर्घ ईची मात्रा असे चार घटक आहेत. त्यांची टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ३६ अक्षरं होतात. पूर्ण शीर्षक घातलं तर दुवा चार-पाच ओळींचा होतो आणि पाहणाऱ्याला तो फसवणुकीचा वाटतो.

वाचायचं पान

कथेच्या संकेतस्थळावर एकच पान खरं महत्त्वाचं: ज्यावर भाग वाचला जातो ते. मुखपृष्ठावर तीन गोष्टी पुरेत. पहिल्या भागापासून वाचा, ताजा भाग आणि अनुक्रमणिका. प्रत्येक भागाच्या वर आणि खाली मागचा भाग, पुढचा भाग आणि अनुक्रमणिका यांचे दुवे असावेत. खालचा ‘पुढचा भाग’ मोठा आणि अंगठ्याला सहज सापडेल असा हवा.

देवनागरीत मात्रा वर जातात, उकार आणि जोडाक्षरं खाली उतरतात. इंग्रजीसाठी बेतलेलं ओळींमधलं अंतर आपल्याला अपुरं पडतं. अक्षराचा आकार १८ ते २० पिक्सेल आणि ओळीची उंची त्याच्या पावणेदोनपट ठेवली की ज्येष्ठ वाचकही चष्मा न बदलता वाचू शकतो. मुक्त किंवा नोटो यांसारखे मोफत देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत. फाइल हलकी करायला फॉन्ट कापू नये, जोडाक्षरं फुटतात.

पानाच्या सांकेतिक मजकुरात (एचटीएमएलमध्ये) भाषा मराठी आहे, हे नोंदवायला विसरू नये. बऱ्याच तयार साच्यांत इंग्रजी किंवा हिंदी लिहिलेलं असतं. मराठीची नोंद केली की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळणाचे आकार आपोआप दाखवतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी अक्षरांचं वळण निश्चित केलं होतं. दृष्टिहीन वाचकाचं पडद्यावरचं वाचून दाखवणारं साधनही याच नोंदीवरून मराठी आवाज निवडतं.

वजनाचंही भान ठेवावं. दोन हजार शब्दांचा मराठी भाग अंदाजे ४० किलोबाइटचा होतो. फोनमधून काढलेलं एक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटचं, म्हणजे पंचाहत्तर ते शंभर भागांच्या वजनाचं. रेल्वेत किंवा एसटीत नेटवर्क तुटक असताना मजकूर उघडतो, छायाचित्र अडून बसतं. चित्र हवंच असेल तर ते लहान करून मजकुराच्या खाली टाकावं.

अभिप्राय कसा मागावा

भागाच्या शेवटी छोटा अर्ज ठेवावा: कोणता भाग, काय सांगायचं आहे आणि हवं असल्यास नाव. फोन नंबर मागू नये. नव्या भागाची सूचना पाठवायला ईमेल घ्यायचा असेल, तर तो कशासाठी घेतो हे तिथेच लिहावं आणि नको झाल्यास नाव काढण्याची सोय द्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं मूळ तत्त्वही संमतीचंच आहे.

आलेलं सगळं एका वहीत किंवा तक्त्यात उतरवावं: तारीख, भाग, म्हणणं, प्रकार, निर्णय. आठवड्यातून एक दिवस ठरवून ते वाचावं. लिहिता लिहिता येईल तो अभिप्राय वाचत बसलं की पुढचा भाग भरकटतो. अभिप्रायाचे चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

पहिला प्रकार तपशिलाच्या चुकीचा. १९४८ साली उमरीवरून जाणारी रेल्वे मीटरगेज होती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा, ब्रिटिश हिंदुस्थानाचा कलदार वेगळा. छाप्याच्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, म्हणून त्यापूर्वीच्या प्रसंगात पात्रं हत्येविषयी बोलूच शकत नाहीत. अशा तपशिलात झालेली चूक कुणी दाखवली तर पडताळावी, लगेच सुधारावी आणि भागाखाली दोन ओळींत दुरुस्ती नोंदवावी. अमेरिकी लेखक अँडी वीअर यांनी २००९ पासून ‘द मार्शियन’ स्वतःच्या संकेतस्थळावर भागाभागानं मोफत दिली. विज्ञान जाणणारे वाचक चुका दाखवत गेले, ते सुधारत गेले. वाचकांच्याच मागणीवरून २०११ मध्ये किंडलवर पुस्तक आलं, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशनानं ते काढलं आणि पुढच्या वर्षी चित्रपट झाला.

दुसरा प्रकार अडखळण्याचा: ‘हा माणूस कोण, आधी आला होता का?’ एकानं विचारलं तर नोंद ठेवावी, तिघा-चौघांनी एकाच जागी विचारलं तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा. भाषेचं मात्र वेगळं. संवादात आलेलं बोलीतलं ‘कामून’ (का) किंवा ‘कुठं जायलास’ (कुठे चाललास) कुणी प्रमाण भाषेत बदलायला सांगितलं, तर बदलू नये. दूरच्या वाचकासाठी भागाखाली अर्थ द्यावा.

तिसरा प्रकार इच्छेचा: अमक्याला मारू नका, तमक्यांचं लग्न लावा. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, वाचक खवळले आणि दहा वर्षांनी डॉयल यांना त्याला परत आणावं लागलं. इच्छेतून वाचकाचा जीव कुठे गुंतला आहे हे कळतं, ते मोलाचं. पण कथेचं वळण मतदानानं ठरवलं तर कथा कुणाचीच राहत नाही. ‘तुमचं म्हणणं पोचलं, पुढे वाचत राहा’ एवढं उत्तर पुरे.

चौथा प्रकार सर्वांत नाजूक: ‘हे आमच्या घरातल्या माणसावर लिहिलंय.’ लहान गावात हे हमखास होतं. इंग्रज कादंबरीकार डिकन्स यांच्या क्रमशः छापल्या जाणाऱ्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या मिस माऊचर या पात्रात एका बाईंनी स्वतःला ओळखलं आणि दुःखी होऊन पत्र लिहिलं. डिकन्स यांनी पुढच्या भागांत त्या पात्राला सज्जन वळण दिलं. असा अभिप्राय आला की लेखी वाद घालू नये. प्रत्यक्ष भेटावं, ऐकावं आणि ओळख पटवणारा तपशील बदलावा.

शिवीगाळीला उत्तर देऊ नये. धमकी असेल तर पडद्याचं छायाचित्र काढून ठेवावं आणि पोलिसांकडे जावं.

सुरू करण्यापूर्वी

नवी मांडणी तयार झाली की वेगवेगळ्या वयाच्या चार-पाच जणांच्या हातात फोन द्यावा आणि ‘तिसरा भाग काढा’ एवढंच सांगावं. शेजारी बसून पाहावं, बोट दाखवू नये. जिथे त्यांचं बोट थांबतं, तिथे दोष मांडणीचा असतो. कथा ऐन रंगात असताना संकेतस्थळ बदलू नये, एक प्रकरण संपवून मग बदलावं.

आपल्या गावाचा इतिहास, आपली बोली आणि आपली माणसं लिहिणाऱ्यांनी आपलं लेखन दुसऱ्याच्या ॲपवरच ठेवून निर्धास्त राहू नये. ते ॲप उद्या बंद झालं तर मजकूर आणि वाचक दोन्ही जातात. स्वतःचं साधंसुधं संकेतस्थळ ठेवा आणि त्याची प्रत जपा. वाचकाची अडचण लगेच सोडवा, त्याची माहिती पडताळून घ्या, त्याची इच्छा मनापासून ऐका. पुढच्या भागात काय घडेल, हे मात्र तुम्हीच ठरवा.