गळ्यातून गजात

वसईत व्हायोलिन दोन तऱ्हांनी वाजतं. चर्चच्या गायनवृंदात ते हनुवटीखाली धरतात, उभं राहून, समोरच्या स्वरलिपीवर नजर ठेवून. गणेशोत्सवातल्या बैठकीत तेच वाद्य मांडी घालून वाजवतात, आणि वादकासमोर कागद नसतो. पहिल्या तऱ्हेचं मूळ पोर्तुगीज अमलात, म्हणजे १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांत रुजलेल्या चर्चसंगीतात आहे. दुसरीचा माग काढत गेलं की वसई-दिवा गाडीत बसून कोपरला उतरावं लागतं. तिथून डोंबिवली हाकेच्या अंतरावर. व्हायोलिनवादक गजाननबुवा जोशींची अखेर याच गावात झाली, १९८७ साली.

बुवांचा जन्म १९११ चा, गिरगावातला. वडील अनंत मनोहर ऊर्फ अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गायक. ग्वाल्हेर घराण्याची तालीम घरातच मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे, जयपूरचे भुर्जीखाँ आणि आग्र्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडेही बुवा शिकले. ही नावं पुन्हा एकदा वाचा. यात व्हायोलिनवादक एकही नाही. सगळे गवई आहेत. हिंदुस्थानी व्हायोलिनची सगळी कहाणी मला या एका गोष्टीत दिसते.

दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितर आणि वडिवेलू यांनी एकोणिसाव्या शतकातच व्हायोलिनला मैफलीत बसवलं होतं. उत्तरेत त्याला जागा मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं, कारण गवयाच्या शेजारची जागा सारंगीने आणि हार्मोनियमने आधीच धरलेली होती. हार्मोनियमला मींड येत नाही. व्हायोलिनला पडदे नसल्यामुळे ती येते, पण त्यासाठी डावा हात मोकळा हवा. उभ्याने वाजवताना वाद्याचा थोडा भार त्याच हातावर येतो. म्हणून आपल्याकडे वादक खाली बसतो, व्हायोलिनची एक बाजू छाती-खांद्याशी टेकवतो आणि वळणदार टोक उजव्या पावलावर ठेवतो. मग बोट तारेवरून तेल लावल्यासारखं घसरतं. तारा षड्ज-पंचमात लावलेल्या असतात. गजाला राळ घासली की तिची पांढरी भुकटी घोडीपाशी साचत जाते; लांबलेल्या मैफलीनंतर ती जवळून पाहावी, लाकडावर पीठ सांडल्यासारखी दिसते.

पण नुसती बैठक बदलून राग वाजत नाही. गज कुठे उलटायचा हे गवयाच्या श्वासावरून ठरतं. बंदिशीचे शब्द मनात म्हटल्याशिवाय समेवर येण्यातली ओढ बोटांत उतरत नाही. बुवांनी तीन घराण्यांची गायकी आधी गळ्यात घोटली होती, म्हणून त्यांच्या गजाला बोलता आलं, असं माझं ठाम मत आहे. १९७२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. या वादकाचा आज सर्वांत जास्त ऐकला जाणारा शिष्य मात्र गायक आहे: उल्हास कशाळकर.

या वाद्यावर संसार चालवणं सोपं नव्हतं. एकल वादनाच्या मैफली मोजक्या; उरलेला काळ साथ, शिकवण्या आणि आकाशवाणी. बुवांनीही आकाशवाणीत नोकरी केली. वि. गो. जोग वाईत वाढले, लखनौला शिकवायला गेले, शेवटी कोलकात्यात स्थिरावले आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरच्या जुगलबंदीने देशभर पोचले. गोव्याच्या पार्सें गावचे श्रीधर पार्सेकर १९६४ मध्ये, ऐन चव्वेचाळिशीत गेले. ती हळहळ जुन्या रसिकांच्या बोलण्यात अजून येते. दामोदर केशव दातारांना (१९३२–२०१८) विघ्नेश्वर शास्त्रींची तालीम मिळाली, त्यांच्या वादनावर ठसा मात्र द. वि. पलुस्करांच्या गायकीचा. २००४ साली ते पद्मश्री झाले. प्रभाकर जोग सुगम संगीताकडे वळले, सुधीर फडक्यांचे साहाय्यक झाले, आणि त्यांच्या कार्यक्रमाचं नावच ‘गाणारं व्हायोलिन’ होतं. यापेक्षा नेमकं वर्णन मला सुचत नाही.

अंतूबुवांनी १९४० मध्ये सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव अजून भरतो. तिथे एकदा जाऊन यावं. आणि वसई-विरारमधल्या ज्या घरांत मूल व्हायोलिन शिकतं आहे, मग ते चर्चमध्ये उभं राहून वाजवत असो की क्लासात मांडी घालून, त्या आईवडिलांना माझी एक विनंती आहे: आठवड्यातला एक तास त्याला गाणं शिकायलाही पाठवा.