मालकाची दूरचित्रवाणी आणि कामगाराचा प्रश्न

ज्या संस्थेचे सर्व कामगार एकाच आवारात काम करतात, तिच्यापुढे निरोप पोहोचविण्याचा प्रश्न फारसा येत नाही. फाटकाजवळ फळा असतो, भोंगा असतो आणि सुटीच्या वेळी सभा भरविता येते. परंतु ज्या संस्थेच्या शाखा शंभर गावी विखुरलेल्या आहेत, तिचे काय? मुख्य कचेरीतून निघालेले परिपत्रक विभागीय साहेबाकडे जाते, तेथून शाखेकडे, शाखेतून मुकादमाकडे. आणि शेवटच्या माणसाच्या कानी जे पडते त्यात मूळचे किती उरले असेल हे सांगणे कठीण. मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊ तालुके, मध्ये खाड्या आणि घाट, अशा आपल्या जिल्ह्यात संघटनेचे काम करणाऱ्या आम्हां मंडळींना ही अडचण चांगलीच ठाऊक आहे. मोठ्या कंपन्यांनी तिच्यावर जो उपाय काढला, तो म्हणजे उपग्रहावरून चालणारी स्वतःची खाजगी दूरचित्रवाणी.

या यंत्रणेची रचना समजावयास अवघड नाही. मुख्य ठिकाणी एक चित्रीकरणगृह असते. तेथील चित्र व आवाज भूकेंद्राच्या मोठ्या तबकडीतून आकाशात पाठविले जातात. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून तो आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतो. तो ते संकेत झेलून पुन्हा खाली सोडतो आणि प्रत्येक शाखेच्या छपरावरील तबकडी ते पकडते. संकेत कुलूपबंद असतात. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्याच पडद्यावर चित्र उमटते. कंपनी स्वतःचा उपग्रह सोडीत नाही, त्यावरील थोडी जागा भाड्याने घेते. या पद्धतीत अंतराला किंमत नाही. शाखा दहा कोसांवर असो की हजार कोसांवर, भाडे वाढत नाही. वाढतो तो फक्त तबकड्यांचा खर्च.

आपल्या देशाने हा प्रयोग पूर्वीच आणि लोकांसाठी केला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेकडून वापरावयास मिळालेल्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. खाजगी कंपन्यांत अमेरिकेतील वॉलमार्टचे जाळे प्रसिद्ध आहे. या दुकानदार कंपनीने १९८७ साली आपली सर्व दुकाने उपग्रहाने मुख्य कचेरीशी जोडली. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ साली सौदे सुरू केले, ते उपग्रहाच्याच आधाराने. तेथे चित्र नव्हते, आकडे होते. पण मुंबईच्या दलालाला जो भाव दिसे तोच दूरच्या गावच्या दलालालाही दिसू लागला. आज हे बरेचसे काम इंटरनेटवर गेले आहे. तरी जेथे तार पोहोचत नाही किंवा पोहोचलेली तार तुटते, तेथे उपग्रहाची गरज संपलेली नाही.

आता व्यवस्थापनाकडे वळू. यंत्रे विकत मिळतात. ती चालविणे हेच खरे काम. पहिली गोष्ट वेळापत्रकाची. सकाळी दहाला दाखविलेला कार्यक्रम रात्रपाळीचा माणूस कसा पाहणार? म्हणून तो नोंदवून पुन्हा दाखविला पाहिजे. दुसरी भाषेची. १९७५ च्या प्रयोगात एका चित्राबरोबर दोन आवाज पाठविण्याची सोय होती, त्यामुळे तेलुगू व कानडी गावे एकच चित्र आपापल्या भाषेत पाहू शकत. तिसरी हवामानाची. लहान तबकडीसाठी वापरतात त्या आखूड लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि कोकणातल्या आषाढाचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. लांब लहरींना पाऊस कमी बाधतो, पण तबकडी मोठी लागते. शिवाय खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते; आणि वर्षातून दोनदा, दिवसरात्र समान होण्याच्या सुमारास, सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी येऊन काही मिनिटे चित्र बंद पाडतो. या सर्वांसाठी प्रत्येक शाखेत एक शिकविलेला माणूस, विजेची पर्यायी सोय आणि नोंदवही हवी. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची वीज व मोबाइल सेवा कोलमडली होती. उपग्रहाला रस्त्यावरचे खांब लागत नाहीत हे खरे, परंतु खाली वीजच नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

इथवर यंत्राची गोष्ट झाली. माणसाची गोष्ट पुढेच आहे. चित्र वरून खाली येते. खालचा प्रश्न वर कसा जाणार? इस्रोने १९९५ पासून प्रशिक्षणासाठी जी वाहिनी चालविली, तिच्यात चित्र एकेरी पण आवाज दुहेरी होता. ऐकणारा दूरध्वनीवरून प्रश्न विचारी आणि उत्तर सर्वांना ऐकू येई. संकेताच्या जाण्यायेण्यात अर्धा सेकंद जातो, एवढीच काय ती तांत्रिक अडचण. खरी अडचण निराळी आहे. कोणता प्रश्न घ्यावयाचा हे कोण ठरविणार? गेटसभेत मागच्या रांगेतला माणूस उठून बोलला तर तो सर्वांना दिसतो. दूरचित्रवाणीत बटण दुसऱ्याच्या हाती असते. गैरसोयीचा प्रश्न दाबला गेला हे शेजारच्या शाखेलासुद्धा कळत नाही.

म्हणून अशी यंत्रणा जेथे येईल तेथे संघटनेने तिला विरोध करू नये, चार अटी मात्र घालाव्यात असे आमचे मत आहे. कार्यक्रम पाहण्याचा वेळ कामाचा वेळ धरावा. आलेल्या प्रत्येक प्रश्नाची क्रमवार नोंद व्हावी आणि न घेतलेल्या प्रश्नांना ठराविक मुदतीत लेखी उत्तर मिळावे. कार्यक्रम ठरविणाऱ्या समितीत कामगारांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत. आणि झालेल्या प्रक्षेपणाची प्रत जपून ठेवावी व ती कामगारांनाही पाहता यावी. ही शेवटची अट क्षुल्लक नव्हे. वॉलमार्टच्या अंतर्गत सभांचे वर्षानुवर्षे चित्रण करणाऱ्या फ्लॅगलर या कंपनीचे काम सुटल्यावर तिने २००८ साली आपला संग्रह इतरांना खुला केला, तेव्हा वकील आणि कामगार संघटना तो पाहावयास धावल्या. साहेबाने दिलेले वचन चित्रात राहते, आणि चित्र सहसा नाकबूल करता येत नाही.

छत्तीस हजार किलोमीटर चढून शब्द पुन्हा खाली आणण्याची विद्या मनुष्याने साधली आहे. शाखेतल्या पडद्यापासून मुख्य कचेरीतल्या खुर्चीपर्यंत प्रश्न पोहोचविणे हे त्या मानाने जवळचे काम. पण ते यंत्र आपण होऊन करीत नाही, संघटित माणसांनाच ते करून घ्यावे लागते.