खाडीतला गाळ उपसल्यावर पुढे काय होते?

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात कल्याणच्या खाडीकाठी झाली. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. बोटी चालायच्या तर ड्रेजिंग, म्हणजे यंत्राने तळाचा गाळ उपसणे, आलेच. मात्र उपसलेली जागा पुन्हा भरते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

पहिला टप्पा गाळ येण्याचा. पावसाळ्यात उल्हास आणि तिला मिळणारी काळू नदी माती घेऊन येतात. जड रेती लवकर खाली बसते, बारीक माती पाण्यासोबत वाहत राहते. खारे पाणी लागताच तिचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तळ गाठतात. आपण गढूळ पाणी दोन बाटल्यांत भरा, एकीत मीठ घाला. बहुतेक वेळा मिठाची बाटली आधी निवळते.

दुसरा टप्पा भरती-ओहोटीचा. भरती गाळ आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते. मधल्या स्तब्ध पाण्यात तो बसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरदार असतो, तेव्हा बसलेला चिखल पुन्हा उठतो.

तिसरा टप्पा उपशाचा. तळ खोल झाला की तेवढेच पाणी जास्त जागेतून जाते, म्हणून त्याचा वेग मंदावतो. मंद पाण्यात गाळ अधिक बसतो. खणलेला भाग असा गाळाचा सापळाच होतो.

चौथा टप्पा काठाचा, आणि इथेच बरेचदा चुकते. मऊ चिखलाची कड उभी टिकत नाही. सक्शन पंपाने काठालगतची रेती ओढली, की खड्डा भरायला काठाची माती सरकते आणि तिवरांची मुळे उघडी पडतात. मुंब्रा-दिव्याकडे लोहमार्ग खाडीलगत जातो. तिथे काठ ढासळणे फार महागात पडेल.

पाचवा टप्पा गाळ टाकण्याचा. जवळच टाकलेला गाळ पुढची भरती परत आणते. तिवरांत टाकला, तर त्यांची श्वसनमुळे, म्हणजे चिखलातून वर येऊन हवा घेणारी मुळे, गाडली जातात.

शेवटचा टप्पा मोजणीचा. किती गाळ काढला यावरून काम जोखणे फसवे ठरते. बोटीतून ध्वनिलहरी सोडून पावसाळ्याआधी आणि नंतर खोली मोजली, तरच खरे चित्र कळते.

आपल्या भागात असे काम निघाले, तर आपण तीन गोष्टी जरूर विचारा: उपसा काठापासून किती दूर होणार, गाळ कुठे जाणार आणि पावसाळ्यानंतरची मोजणी कधी होणार.