उरण येथील गांवसमित्या व सामाईक जागांचा प्रश्न

१

मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील उरणचें बेट अठराव्या शतकांतील इंग्रजी कागदांत करंजा या नांवानें येतें. साष्टी, घारापुरी व करंजा हीं बेटें इंग्रजांकडे राहावीं असें १७८२ च्या सालबाईच्या तहांत ठरलें, हें वाचकांस ठाऊक आहेच. तहांत बेटाचें नांव आलें. त्या बेटावरील कुरण, खाजण व खाडी यांवर कोणाचा चरितार्थ चालतो, हें लिहिण्याचें तेथें प्रयोजन नव्हतें. परंतु सुमारें दोन शतकांनंतर याच भूमीवर नवें शहर व नवें बंदर उभारण्याचें ठरलें, तेव्हां तहनाम्यांत न आलेल्या गोष्टीच मुख्य वादाचा विषय झाल्या. हा वाद गांवकऱ्यांनीं आपल्या समित्यांच्या द्वारें कसा चालविला आणि त्यांच्या मागणीचें स्वरूप कसें पालटत गेलें, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमच्या मतें या पालटाचें सूत्र एकच आहे. प्रथम मागणी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची होती. पुढें ती उरलेलें गांव राहण्याजोगें राहावें अशी झाली.

२

प्रथम सामाईक जागा म्हणजे काय, याचा खुलासा करणें अवश्य आहे. घरांची वस्ती तें गांवठाण. गुरें चारण्याकरितां राखलेली जमीन ती गुरचरण. भरतीचें पाणी जेथें पसरतें ती चिखलट भूमि म्हणजे खाजण. तिच्या कडेनें बांध घालून भातशेती केली कीं ती खार. आणि त्या बांधांतून पाणी आंतबाहेर सोडण्याची जी सोय, तिला उघाडी म्हणतात. शेत एकाचें असलें तरी बांध व उघाडी यांवर सर्वांची दृष्टि असे. कारण बांध एके ठिकाणीं फुटला तर सर्वांचींच शेतें बुडत. आगरी व कोळी कुटुंबांना याच खाजणांतून व खाडींतून निवट्या, चिंबोऱ्या, कालवें मिळत.

सरकारी कागदांत मात्र यांतील बराचसा भाग कोणाच्याच नांवावर नसे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या २० व्या कलमाप्रमाणें जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाहीं ती राज्य शासनाची ठरते. ज्याचा सात-बारा आहे त्यास भूसंपादनाची नोटीस जाते व मोबदला मिळतो. ज्याची केवळ वहिवाट आहे त्यास नोटीस जात नाहीं. पुढील सर्व तंट्यांचें मूळ येथें आहे.

३

वहिवाटीसाठीं एकत्र येण्याची रीत उरणास नवी नव्हती. २५ सप्टेंबर १९३० रोजीं चिरनेर येथें आक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला व पोलिसांनीं गोळीबार केला. नाग्या कातकरी प्रभृति सत्याग्रही त्यांत कामास आले. मृतांमध्यें मोठी जुई, खोपटे, दिघोडे अशा निरनिराळ्या गांवांचे लोक होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जंगल कोणा एकाचें नव्हतें, म्हणून लढाहि एका गांवाचा राहिला नाहीं.

मार्च १९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांची सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमि नव्या शहरासाठीं निश्चित झाली. पुढें न्हावा-शेवा बंदराचें काम निघालें. भूसंपादनाविरुद्ध गांवोगांवच्या शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचे अग्रणी जासई गांवचे दि. बा. पाटील हे होते. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं जासईजवळील दास्तान फाटा व नवघर येथें पोलिसांचा गोळीबार होऊन पांच आंदोलक मृत्युमुखीं पडले. बंदर १९८९ मध्यें सुरू झालें.

या लढ्याचें दृश्य फळ म्हणजे साडेबारा टक्क्यांची योजना होय. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदारास परत द्यावी, असे शासन निर्णय १९९० व १९९४ मध्यें निघाले. त्यांतील हिशेब मात्र बारकाईनें पाहण्यासारखा आहे. शंभर गुंठे गेले तर साडेबारा गुंठे परत मिळावयाचे. परंतु त्यांतून सार्वजनिक सोयींसाठीं पावणेचार गुंठे वजा होऊन खातेदाराच्या पदरीं पावणेनऊ गुंठेच पडतात. आतां हे पावणेचार गुंठे ज्या सोयींकरितां कापले त्या, म्हणजे शाळा, क्रीडांगण, उद्यान, दवाखाना, ह्या गांवकऱ्यांच्याच जमिनींतून झाल्या असें म्हटलें पाहिजे. म्हणून मुलांना खेळावयास मैदान द्या, अशी मागणी गांवसमिति करते तेव्हां ती कृपेची याचना करीत नाहीं. आगाऊ दिलेल्या किंमतीचा माल मागते. या दृष्टीनें हा प्रश्न जितका मांडला जावा तितका मांडला जात नाहीं, असें आम्हांस वाटतें.

४

साडेबारा टक्के हा हिशेब जमिनीच्या खातेदाराचा. खाडीवर जगणाऱ्या कोळ्यास खातें नाहीं, तेव्हां त्याला टक्केहि नाहींत. ही उणीव पारंपरिक मच्छीमारांच्या कृतिसमितीनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील पीठापुढें मांडली. भरावामुळें भरतीच्या पाण्याच्या वाटा बुजल्या व खारफुटी नष्ट झाली, त्यामुळें मासेमारी बुडाली, असें तिचें म्हणणें होतें. २७ फेब्रुवारी २०१५ रोजीं निकाल झाला. १,६३० कुटुंबांस प्रत्येकीं ५ लक्ष ८४ हजार, म्हणजे एकूण ९५ कोटी १९ लक्ष २० हजार रुपये भरपाई बंदर, सिडको व तेल आणि नैसर्गिक वायु महामंडळ यांनीं द्यावी, असें ठरविण्यांत आलें. निकाल झाला म्हणजे पैसा हातीं आला असें नव्हे. परंतु त्यांतील तत्त्व मोलाचें आहे. सात-बारा नसतांहि केवळ वहिवाटीवरून नुकसान मोजतां येतें, हें या निकालानें दाखविलें.

५

यापुढील पायरी पाणजे येथील पाणथळीची. द्रोणागिरी विभागांतील ही सुमारें २८९ हेक्टरांची भूमि हिंवाळ्यांत येणाऱ्या पक्ष्यांबद्दल प्रसिद्ध आहे. येथें भरतीचें पाणी आंत येण्याच्या वाटा अडविल्या जात आहेत, अशी तक्रार श्री एकविरा आई प्रतिष्ठान आदि स्थानिक संस्थांनीं वारंवार केली. वर सांगितलेल्या उघाडीचाच हा प्रश्न होय: पाणी अडलें कीं खाजण वाळतें, आणि वाळलेलें खाजण नकाशावर रिकामा भूखंड दिसूं लागतें. संस्थांच्या हातीं साधन होतें तें मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांचें. ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशानें राज्यभर खारफुटी तोडण्यास व तिच्या सभोंवतीं ५० मीटरांत बांधकाम करण्यास मनाई झाली; १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानें ती कायम झाली.

येथें मागणीचा पालट स्पष्ट होतो. पाणजेसाठीं अर्ज करणारा स्वतःकरितां भूखंड मागत नाहीं. पावसाचें पाणी मुरावयास, भरतीचें पाणी पसरावयास व माणसास मोकळा वारा घ्यावयास जागा राहूं द्या, एवढेंच तो म्हणतो. १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणपर्यंतची रेल्वे व शिवडीहून येणारा अटल सेतु यांचें एकाच दिवशीं उद्घाटन झाल्यापासून मुंबई अगदीं जवळ आली आहे. त्यामुळें या मागणीची निकड वाढली आहे.

६

परदेशांतील एक दाखला येथें उपयोगी पडेल. लंडनजवळील एपिंगचें अरण्य जमीनदार कुंपणें घालून बळकावीत असतां, १८६५ मध्यें स्थापन झालेल्या सामाईक भूमि रक्षण करणाऱ्या मंडळीनें त्यास हरकत घेतली. गांवकऱ्यांचा गुरें चारण्याचा हक्क जुन्या कागदांवरून शाबीत करण्यांत आला, आणि १८७८ च्या कायद्यानें तें अरण्य लोकांच्या विहारासाठीं कायमचें मोकळें राहिलें. आपल्याकडेहि सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपाल सिंग खटल्यांत गांवच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणें काढून त्या गांवास परत देण्याविषयीं राज्यांस आदेश दिले आहेत. दोन्ही ठिकाणीं निर्णय वहिवाटीच्या बाजूनें झाला. परंतु वहिवाट सिद्ध करण्यास पुरावा लागतोच.

हा पुरावा गोळा करण्याचें काम इतिहासाच्या अभ्यासकांचें आहे. गांवकीच्या बैठकींचीं टिपणें, समित्यांचे अर्ज व त्यांवरील उत्तरें, भूसंपादनाच्या नोटिसा, जुने नकाशे, उघाड्यांचीं व खाडीच्या फांट्यांचीं स्थानिक नांवें हीं सर्व साधनें आहेत. १९८४ सालीं जे विशींत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत. कोणतें पाणी कोठून येत असे हें पाहून सांगणारीं हींच शेवटचीं माणसें होत. त्यांच्या जबान्या वेळींच लिहून ठेवल्या नाहींत, तर उरणच्या सामाईक जागा जमिनीवरून जाण्यापूर्वींच स्मरणांतून जातील; आणि जी जागा कोणाच्या स्मरणांत नाहीं ती कागदांत रिकामीच लिहिली जाते.