पांदण, पायवाट आणि सायकल

गेली काही वर्षे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी आम्ही पाच-सहा मंडळी रविवारी सकाळी किरनापूरहून सायकलने निघतो, जंगलातून फिरतो आणि दुसऱ्या वाटेने परततो. या फेरीत डांबरी रस्ता जेमतेम दोन किलोमीटर. उरलेली वीस-बावीस किलोमीटर वाट म्हणजे पांदण, जंगलातला कच्चा रस्ता आणि बैलगाडीलाही अरुंद पडावी अशी पायवाट. या छंदाविषयी स्मरणिकेत लिहावे, असा मित्रांचा आग्रह झाला. छंदाबरोबर माझी एक चूकही येथे नोंदवीत आहे, कारण ती वैद्यकीय आहे.

डोंगरी सायकलीचा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुजला. तेथील तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली टमालपाइस डोंगराच्या कच्च्या वाटांनी खाली आणीत. १९७६ साली त्यांनी ‘रिपॅक’ ही शर्यत सुरू केली. उतरताना मागील ब्रेकमधले ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपले दूधवाले आणि पोस्टमन त्याच्या कितीतरी आधीपासून अशाच वाटा साध्या सायकलीने तुडवीत आले आहेत, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आमच्या फेरीचा पहिला टप्पा धानाच्या बांध्यांमधून जातो. पावसाळ्यात गाडीच्या चाकांनी चिखलात पडलेली चाकोरी हिवाळ्यात वाळून दगडासारखी होते. तिच्यात शिरलेले पुढचे चाक एकदम वळवू पाहाल तर काठ चाकाला धरून ठेवतो आणि स्वार पुढे फेकला जातो. म्हणून नजर चाकावर न ठेवता दहा-पंधरा हात पुढे ठेवावी. टायरमध्ये हवा थोडी कमी असावी, म्हणजे रबर जमिनीला अधिक टेकते आणि धक्के पोटात घेते. तरीही हादऱ्यांनी तळहातातील अल्नर नस दबते व करंगळी बधिर होते. मूठ सैल ठेवून हातांची जागा बदलत राहणे, हाच त्यावर उपाय.

पुढे सागाचे जंगल लागते. मार्चमध्ये पानगळीने वाट झाकली जाते, पानांखालचा दगड दिसत नाही. त्याच सुमारास मोहफुले गळू लागतात. पहाटेच्या गारव्यात निघावे तर त्या फुलांसाठी अस्वलेही आलेली असतात; उजाडू द्यावे तर परतताना ऊन डोक्यावर येते. आम्ही उन्हाचा पर्याय निवडला होता.

अशाच एका रविवारी शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगा प्रथमच बरोबर आला. पोलीस भरतीची तयारी करणारा, अंगापिंडाने मजबूत. चढावर तो आमच्या पुढे राहण्यासाठी जोर लावीत होता. पाणी त्याने जवळजवळ घेतलेच नाही. फेरीच्या ऐन मध्यावर तो उतरला आणि खाली बसला. “काका, पायच उचलून नाही राहिले,” तो म्हणाला. मी म्हणालो, “अरे, गोळे आले असतील. चल, आता उतारच आहे.” तो उठला, शंभरेक पावले चालला आणि कोसळला.

गोळा आलेला स्नायू हाताला गाठीसारखा कठीण लागतो आणि माणूस कळवळतो. या मुलाच्या मांड्या मऊ होत्या, त्यांत बळच नव्हते. बोलणे मात्र शुद्धीवरचे होते. हा फरक मी हात लावून पाहिलाच नव्हता. मोहफुले वेचणाऱ्या एकाने मोटारसायकल आणली आणि त्याला मध्ये बसवून आम्ही बाहेर काढले. सायंकाळी लघवी चहाच्या रंगाची झाली. सलाइन, रक्ततपासण्या आणि मूत्रपिंडांची चिंता यांत चार दिवस गेले. तो बरा झाला. सोल्युबिलिटी चाचणी होकारात्मक आली. वाहक की रुग्ण हे त्या चाचणीने कळत नाही, म्हणून एचपीएलसी केली. तो सिकलसेलचा वाहक निघाला.

वाहक एरवी निरोगीच असतो आणि व्यायामाला त्याला मनाई नाही. मात्र सवय नसताना एकदम अतिश्रम, ऊन आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर स्नायूंतील रक्तपेशी विळ्याचा आकार घेतात, रक्तपुरवठा तुटतो व स्नायू विरघळू लागतात. अशा वेळी जागीच थांबणे, सावली, पाणी, शक्य असल्यास ऑक्सिजन आणि तातडीने रुग्णालय, एवढेच करायचे. चालवायचे मुळीच नाही. बालाघाट व लगतच्या विदर्भात हा विकार गोंड समाजापुरता नाही, इतर अनेक समाजांतही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि तपासणी वाढली. तथापि आपण ती विवाहाच्या व अपत्याच्या संदर्भातच सांगतो. भरतीसाठी धावणाऱ्या मुलाला कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

तो मुलगा आता पुन्हा आमच्याबरोबर येतो. पहिले दोन महिने त्याला केवळ बांध्यांपर्यंतच नेले, मग हळूहळू अंतर वाढविले. चढावर तो सर्वांत मागे असतो, दोन बाटल्या पाणी बाळगतो, आणि थांबावेसे वाटले की कोणालाही न विचारता थांबतो.